माणशी रनटाइम

आमची कंपनी गाद्या बनवते, आणि आमच्यापैकी कुणालाच धड झोप मिळत नाही. माझ्या न होणाऱ्या झोपेचं कारण सगळ्या ऑफिसला पाठ आहे. त्याला नुकते खालचे दात आलेत, आणि दिवसभर ते जिन्याखालच्या पाळणाघरात मावशींच्या मांडीवर असतं.

ही जिन्याखालची खोली पूर्वी फोमचे तुकडे टाकायची होती. आता तिथे शिलाई वाकडी आली म्हणून बाजूला काढलेल्या गाद्या भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्यात. पोरं कुठेही पडली तरी आवाज होत नाही. दाराला काचेची चौकट आहे. खरेदी विभागातल्या माझ्या खुर्चीवरून डावीकडे थोडं कललं की त्या काचेतून मावशींचा खांदा दिसतो, आणि खांद्यावर माझ्या पिल्लूचं डोकं असलं तर तेही. वरच्या मजल्यावर खिडकीजवळची चांगली जागा मला देत होते. मी नको म्हटलं. खिडकीतून झाडं दिसतात, मावशींचा खांदा दिसत नाही.

घरी पिल्लूला बघायला कुणी नाही. नवरा पुलाच्या कामावर दुसऱ्या गावी, शनिवारी येतो. सासूबाईंचे गुडघे त्यांचंच ऐकत नाहीत, तर रांगणाऱ्या पोराचं काय ऐकणार? आई बाबांच्या आजारपणात अडकलेली. म्हणजे पाळणाघर आहे तोवर माझी नोकरी आहे. ते बंद झालं की माझा राजीनामा. यात अधलंमधलं काही नव्हतं.

म्हणूनच तो फोन आला तेव्हा मला आधी काही वाटलंच नाही. पाळणाघराचा आणि त्याचा काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात येईल?

"मॅडम, तपासणी वगैरे शब्द आपण वापरायचाच नाही," पलीकडून आवाज आला. "नुसत्या गप्पा मारू. तुम्ही आमचं रनटाइम वापरता, तर म्हटलं, एकदा खुशाली विचारावी."

इतका गोड आवाज मी याआधी फक्त लसीकरणाच्या खोलीत ऐकला होता. ती नर्स पिल्लूला "ती बघ चिमणी!" म्हणाली होती आणि दुसऱ्या हाताने सुई टोचली होती. मी या माणसाचं नाव तिथल्या तिथे मधाळ ठेवलं आणि फोन ठेवून आमच्या संगणकवाल्याकडे गेले.

संगणकवाल्याला सगळे रीस्टार्ट म्हणतात, कारण कुठल्याही तक्रारीवर तो तेवढंच सांगतो. पण त्या दिवशी तो खुर्चीतून उठला आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, प्रोग्रॅम म्हणजे बाळ समजा. रनटाइम म्हणजे पाळणा. पाळण्याशिवाय बाळ झोपत नाही, रनटाइमशिवाय प्रोग्रॅम चालत नाही. हा पाळणा इतकी वर्षं फुकट होता. आता पाळणेवाल्याने नव्या पाळण्यांना भाडं लावलंय."

"किती?"

"माणशी."

"म्हणजे जितकी माणसं वापरतात, तितक्यांचं?"

"नाही. जितकी माणसं आहेत, तितक्यांचं." त्याने आवाज आणखी खाली आणला. "एका खोलीत एक पाळणा टांगला ना, की अख्ख्या इमारतीचं भाडं. तळमजल्यावरच्या आजोबांचंसुद्धा."

"आणि आपल्याकडे हे रनटाइम आहे कुठे?"

"बघितलं नाही."

"म्हणजे?"

"साहेबांनी बघू नकोस म्हणून सांगितलंय. बघितलं की कळतं, आणि कळलं की सांगावं लागतं."

साहेब म्हणजे आमचे मालक. गादीवर हात ठेवून आतला फोम ओळखणारा माणूस, पण संगणकाला घाबरतो. काही वर्षांपूर्वी पडद्यावर आलेल्या कसल्याशा प्रश्नाला कुणीतरी "नाही" म्हटलं आणि शिलाईची सगळी यंत्रं दिवसभर बंद पडली. तेव्हापासून प्रत्येक पडद्याच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली आहे: "संगणक जे विचारेल त्याला हो म्हणावे. हुकुमावरून." लोक इमानदारीने हो म्हणतात. जेवायला जाताना हो, जेवून आल्यावर हो. काय विचारलं होतं ते कुणी वाचत नाही.

बैठक झाली. साहेबांनी रीस्टार्टचं पाळण्याचं उदाहरण शांतपणे ऐकून घेतलं, मग टेबलावर बोटं वाजवली.

"म्हणजे बिल माणसांवर आहे."

"हो, साहेब."

"मग माणसं कमी करा."

साहेबांनी आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि ते दुखावले.

"काढा म्हणालो का मी? कमी करा म्हणालो. राक्षस आहे का मी? जो संगणकाला हात लावत नाही, तो उद्यापासून पाहुणा. गळ्यात पाहुण्याचं ओळखपत्र घालायचं, वहीत सही करायची, आत यायचं आणि नेहमीचं काम करायचं."

"आणि पगार?" मी विचारलं.

"मानधन म्हणा. पाहुण्याला मानाने द्यावं."

यादी मलाच करायला सांगितली. वॉचमन काका पाहुणे झाले, बागवाला पाहुणा झाला, मालाच्या गाड्यांचे चालक पाहुणे झाले. आणि मग मावशी.

"साहेब, मावशी पाहुण्या कशा होतील? पाळणाघराच्या दारावर तुमचाच नियम आहे, मुलं फक्त कर्मचाऱ्याच्याच ताब्यात राहतील."

"पाळणाघर?" साहेबांनी भुवया वर केल्या. "ते चालू आहे अजून?"

"रोज चालू असतं, साहेब."

"मग पुढच्या महिन्यापासून बंद ठेवू. तात्पुरतं."

आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मागची पत्र्याची शेड कंपनी सुरू झाली तेव्हा तात्पुरती म्हणून उभारली होती. आता तिच्या पत्र्यातून पिंपळ उगवलाय.

मावशींना मीच सांगायला गेले. त्या पिल्लूचा लाळेरा पिळत होत्या.

"म्हणजे मी उद्यापासून पाहुणी?"

"महिनाभर. मग पाळणाघर बंद."

"मग चहा तरी द्या म्हणावं. पाहुण्याला चहा विचारतात." त्या हसल्या, पण लाळेरा पिळून कोरडा झाला तरी त्यांचे हात थांबले नाहीत. "आणि तू गं? याला कुठे ठेवणार?"

मी पिल्लूचे पायमोजे नीट आहेत का ते बघितल्यासारखं केलं.

घाबरलेली बाई दोन गोष्टी करते. तपासते आणि वाचते. मी डायपरच्या पुडक्यामागचा बारीक मजकूरही वाचते. या खेपेला मधाळच्या कंपनीचा करार मागवून घेतला आणि दुपारी पिल्लूला भरवायच्या वेळी वाचायला बसले. एका हाताने बाळ, दुसऱ्या हाताने पानं. करार अशा भाषेत होता की पिल्लू दोन ओळींत झोपायचं. मी मात्र झोपले नाही. शेवटाकडे एक वाक्य भेटलं, ते पेन्सिलने अधोरेखित करून ठेवलं. तेव्हा त्याचा काय उपयोग होईल हे माहीत नव्हतं.

तपासायचं काम रीस्टार्टच्या गळी उतरवायला दोन कप चहा लागला.

"तुम्ही बघू नका," मी म्हटलं. "मी बघते. तुम्ही नुसतं कुठे बघायचं ते सांगा. म्हणजे तुम्हाला काही कळलं असं होणार नाही."

हे त्याला पटलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही टेबलामागून टेबल फिरलो. मी बघायची, तो पाठ करून उभा राहायचा आणि कुजबुजायचा, "आता उजवीकडे खाली." रनटाइम निघालं सगळीकडे. पण सगळं जुनं, फुकटच्या काळातलं, ज्याला भाडं नाही. मला नवल वाटलं. इतकी वर्षं सगळे हो, हो म्हणत होते, मग नवं उतरलं कसं नाही?

"कसं उतरेल?" रीस्टार्ट भिंतीशीच बोलला. "लोक खेळाचे सामने बघतात म्हणून साहेबांनी बाहेरचं इंटरनेट बंद करायला लावलंय. हो म्हटलं की गोल फिरतं आणि थांबतं. मेल तेवढी येते-जाते."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतंच! मी त्याच संध्याकाळी मधाळला फोन करणार होते, तेवढ्यात त्याचाच आला.

"मॅडम, अभिनंदन. आज सकाळी तुमच्याकडून पुन्हा नवीन आवृत्ती उतरवली गेली. दर वेळी न चुकता घेता हं तुम्ही. आमच्या यादीत इतकं नियमित ऑफिस दुसरं नाही. पुढच्या आठवड्यात येतोच."

मी फोन ठेवला आणि रीस्टार्टकडे बघितलं. त्याने छताकडे बघितलं.

"बाहेरचं इंटरनेट चालू असलेलं एक तरी मशीन आहे ना?"

"मला कळून घ्यायचं नाहीये, मॅडम."

"कुणाचं?"

त्याची हनुवटी साहेबांच्या केबिनकडे वळली.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगांच्या ऑर्डरवर सही घ्यायच्या निमित्ताने मी केबिनमध्ये गेले. साहेब पडद्याकडे टक लावून बसले होते. कपाळावर आठ्या, बोट टिपटिप चालू. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस मोठ्या संकटातून कंपनी बाहेर काढतोय. पण त्यांच्या पाठीमागे बक्षिसांचं काचेचं कपाट आहे, आणि त्या काचेत अख्खा पडदा दिसत होता. निळंशार पाणी. त्यात नारिंगी मासे. साहेब त्यांना एकेक दाणा टाकत होते.

"हे काय, साहेब?"

"अं? बाजाराचा अभ्यास."

तेवढ्यात माशांच्या मधोमध एक चौकोन उगवला. साहेबांचं बोट, नजर न हलवता, त्यावर पडलं. हो. चौकोन गेला, मासे पुन्हा पोहू लागले.

"साहेब, आता तुम्ही कशाला हो म्हणालात?"

"काय की. दर थोड्या दिवसांनी येतं. हो नाही म्हटलं तर हे पोहायचे थांबतात." मग त्यांना कळलं की मला दिसलंय. आवाज एकदम वेगळा झाला. "रोज खायला घालावं लागतं हो. मागे लग्नाला गेलो होतो, आलो तर तिघांनी पोट वर केलेलं. त्यातला एक जांभळा होता. तो पुन्हा मिळाला नाही."

मी ऑर्डरचा कागद छातीशी धरून उभी राहिले. खाली जिन्याखाली खरी, हाडामांसाची पोरं होती. त्यांना दोन वेळा भरवणारी बाई गळ्यात पाहुण्याचं ओळखपत्र घालून फिरत होती.

"साहेब, अख्ख्या कंपनीत नवं रनटाइम याच एका मशीनवर आहे. या माशांसाठी. यांच्यामुळे सगळ्या माणसांचं भाडं लागणार आहे."

साहेबांनी माशांना आणखी एक दाणा टाकला. मग चेहरा उजळला.

"मग मलाही पाहुणा करा!"

तपासणीच्या दिवशी मी पिल्लूला कडेवर घेऊन आले, तर फाटकाशी गर्दी. मधाळ स्वतः आला होता. फोनवरच्या आवाजापेक्षा बराच किडकिडीत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याच्यापुढे वॉचमन काका, गळ्यात पाहुण्याचं ओळखपत्र. मागे साहेबांची गाडी, आणि गाडीत साहेब, त्यांच्याही गळ्यात तेच.

"आत सोडा ना," मधाळ म्हणत होता.

"कसं सोडू, दादा? पाहुण्याने पाहुण्याला आत सोडायचं नाही, असा नियम आहे. मीच कर्मचाऱ्याची वाट बघत सकाळपासून बाहेर उभा आहे."

"अहो, मग बाकीच्यांना तुम्ही आत कसं सोडता?"

"सोडतच नाही. साहेबांनाही सोडलं नाही. विचारा त्यांना."

साहेबांनी काच खाली करून मान डोलावली. नियम त्यांचाच होता.

"ताई आल्या!" काका ओरडले. "ताई, सगळ्यांना आत घ्या हो, ऊन चढायला लागलंय."

मी वहीत सही करून चौघांना आत घेतलं. चौथ्या मावशी. त्या झाडाखाली डबा घेऊन उभ्या होत्या आणि मधाळला विचारत होत्या, "तुम्ही कोणाकडचे पाहुणे?"

बैठकीच्या खोलीत चहा आला. मधाळने पहिल्या घोटातच साहेबांच्या छातीवरचं ओळखपत्र वाचलं.

"हे पाहुणे प्रकरण बिल कमी करायला का?"

साहेब गालात हसले. "आमचे कर्मचारी अगदी मोजके आहेत."

"छान कल्पना. फक्त आम्ही पाहुणेही धरतो." मधाळने करार उघडला आणि बोट ठेवलं. "इथे आहे बघा. कंपनीच्या कामासाठी आवारात येणारा कुणीही. वॉचमन, माळी, सगळे."

"मीसुद्धा?"

"तुम्ही मालकही आणि पाहुणेही. खरं तर दोनदा धरता येईल. पण आपले जुने संबंध, एकदाच धरू."

साहेबांचा चेहरा कमी फोमच्या गादीसारखा मधोमध खचला. म्हणजे मावशींना पाहुणी करून एक पैसाही वाचणार नव्हता. पाळणाघर फुकटच बंद होणार होतं. माझ्या कडेवर पिल्लूने ढेकर दिली, आणि मी कराराचा माझा कागद टेबलावर सरकवला.

"हे शेवटचं वाक्य वाचता का? खासगी वापरासाठी भाडं नाही. ज्या संगणकावर धंद्याचं कुठलंही काम होत नाही, असा संगणक. आणि तुमचं नवं रनटाइम आहे ते फक्त साहेबांच्या मशीनवर, त्यांच्या माशांच्या खेळासाठी."

मधाळने वाचलं. मग चहा बाजूला ठेवून पुन्हा वाचलं. "आहे खरं. पण ऑफिसातला संगणक, मालकाच्या टेबलावरचा. त्यावर धंद्याचं काम होत नाही, हे कोण मानेल?"

"साहेब लिहून देतील."

"मी?" साहेब ताडकन उठले. "या खुर्चीत बसून मी काहीच काम करत नाही, असं लिहून देऊ?"

"त्या संगणकावर, साहेब," मी म्हटलं. "खुर्चीबद्दल करारात काही नाही."

"आणि नुसतं लिहून चालणार नाही," मधाळ म्हणाला. "पुरावा लागेल. साक्षीदार लागतील."

दार उघडंच होतं. रजईच्या यंत्रावरच्या बाई पुढे आल्या. "मी देते सही. इतकी वर्षं बघतेय, त्यावर कामाचं काही दिसलं तर नाव बदलीन."

"मीही," मागून हिशेबनीस. "पाहिजे तर शपथेवर."

"रांगेत या हो," वॉचमन काका म्हणाले. "मी आधी उभा आहे."

रीस्टार्टने सगळ्यांना केबिनमध्ये नेऊन साहेबांचं मशीन उघडून दाखवलं. इतक्या वर्षांत प्रथमच तो पाठ न करता बघत होता. एकही पत्र नाही, एकही हिशेब नाही. "नवीन फोल्डर" नावाचा एक फोल्डर होता. त्याने तो उघडला. रिकामा. मधाळ थोडा वेळ माशांकडे बघत उभा राहिला.

"एवढी ऑफिसं फिरलो," तो म्हणाला, "सगळीकडे लोक वापर लपवतात. काम न केल्याचा इतका भक्कम पुरावा मी अजून बघितला नव्हता."

साहेबांच्या हातात पेन होतं, पण ते कागदावर टेकत नव्हतं. एकीकडे अख्ख्या कंपनीचं माणशी भाडं, दुसरीकडे एक वाक्य. दारात सगळी कंपनी. मी त्या क्षणाची वाट बघत होते.

"साहेब, सही करा. आणि पाहुणे केल्याने काही वाचत नाही हे आता दिसलंच. तर सगळ्यांना परत कामावर घेतलं, असंही खाली लिहा. मावशींचं नाव आधी."

"ही अट आहे का?"

"नाही, साहेब. पण साक्षीदारांत मीही आहे, आणि माझी सही अजून व्हायचीये."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पिल्लूकडे. पिल्लूने त्यांच्या ओळखपत्राची दोरी पकडून तोंडात घातली होती. साहेबांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशीच मान खाली करून त्यांनी दोन्ही ओळी लिहिल्या आणि सही केली.

जाताना मधाळ फाटकाशी थांबला. "तेवढे मासे घरी न्यायला सांगा, मॅडम. स्वतःच्या मशीनवर. इथे उद्या चुकून एखादं बिल टाइप केलं, तर मला पुन्हा यावं लागेल." मग थोडं घुटमळून म्हणाला, "आणि तुमच्या गाद्या खरंच चांगल्या असतात का? मला हल्ली झोप लागत नाही."

मी त्याला दुकानाचा पत्ता दिला. सवलत दिली नाही.

संध्याकाळी साहेब संगणक चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून, जपून गाडीकडे नेत होते. मी खाली गेले. मावशींनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिळ्याला अडकवलं होतं.

"म्हणजे मी परत माणसात आले म्हणायचं?"

"आलात, मावशी."

"मग हे घे बाई तुझं पोर. दुपारपासून दात शिवशिवतायत त्याचे, आणि ते ओळखपत्र चघळल्याशिवाय गप्पच बसत नाहीये. परत घालू का?"

"नको," मी इतक्या जोरात म्हटलं की पिल्लू दचकलं. मग मी पर्समधून त्याचं रबरी चावणं काढलं, पाळणाघरात उकळून ठेवलेल्या पाण्याने धुतलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते बघितलं, फेकलं, आणि खिळ्याकडे हात केला.